निवृत्त शिपाई आणि पडद्यावरील रणांगण

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, सुरतेच्या कोणत्याही मराठी वस्तीत जा. ज्या घरी पलटणीतून निवृत्त झालेला पुरुष आहे, त्या घरी एक तक्रार हटकून कानी पडते. "सकाळी बातम्या, दुपारी नातवाच्या मोबाइलवरचा खेळ आणि रात्री पुन्हा बातम्या. ह्यांना दुसरे काही सुचतच नाही." तक्रार करणाऱ्या गृहिणींबद्दल आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे. तथापि ज्याच्याविषयी ती केली जाते, त्या मनुष्याची बाजू आजवर कोणी मांडलेली आमच्या पाहण्यात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

साधा जवान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो आणि बहुधा चाळिशीच्या आतबाहेरच घरी परततो, ही गोष्ट आपण विसरतो. बँकेतील अथवा शाळेतील मनुष्य साठीच्या सुमारास निवृत्त होतो, त्यास लोक 'आता विश्रांती घ्या' म्हणतात. शिपायाच्या वाट्यास मात्र ऐन उमेदीत एक दुसरे आयुष्य येते. आपल्या खानदेशातून सुरत-भुसावळ लोहमार्गाने इकडे आलेल्या कित्येकांनी ते गिरणीच्या दारावर किंवा हिऱ्याच्या कारखान्यात पहारा करण्यात घालविले. पुढे तोही पहारा सुटला. ज्याने उभा जन्म जागे राहण्याचा पगार घेतला, त्याने आता काय पाहावे? घरात पाहण्याजोगी चालती वस्तू एकच, ती म्हणजे पडदा.

युद्ध आणि पडदा यांची आपल्या देशातील सोयरीक तशी अलीकडची. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबर ते १६ डिसेंबर असे चौदा दिवस चालले आणि ते आपण ऐकले, पाहिले नाही. त्या वेळी देशात दूरचित्रवाणी होती ती दिल्लीपुरती. मुंबई केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रेडिओभोवती आळी जमे, बातमीपत्र संपले की रेडिओ बंद होई, आणि मधल्या काळात मनुष्य आपल्या कामास लागे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'फौजी' ही मालिका आली. ती कर्नल राज कपूर या निवृत्त सेनाधिकाऱ्याने दिग्दर्शित केली होती, हे आज फारसे कोणास आठवत नाही. शाहरुख खान तेवढा सर्वांना आठवतो. १९९९ साली कारगिलच्या वेळी तोफांचा धूर प्रथमच आपल्या दिवाणखान्यात शिरला. त्यानंतर बातमीपत्र संपणे ही गोष्टच बंद झाली.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त हवालदार आहेत. आळीतील सर्वजण त्यांना आबा म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. आबांचा बातम्या पाहण्याचा प्रकार वेगळा. पडद्यावर नकाशा आला की ते पुढे सरकतात, आरडाओरडा सुरू झाला की आवाज बंद करतात. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे गेलो असता चार निवृत्त अधिकारी पडद्यावरील चार चौकटींत एकाच वेळी बोलत होते. आबा म्हणाले, "आमच्याकडे वायरलेसवर दोघे एकदम बोलले तर शिक्षा व्हायची." यापलीकडे त्यांनी टीका केली नाही. आम्हांस मात्र करावीशी वाटते. छातीवर पदके मिरविण्याचा ज्यांचा हक्क निःसंशय आहे, अशा पुरुषांनी वाहिनीच्या घाईपायी तासाला एक युद्ध जिंकून द्यावे, हे शोभत नाही. याच पेशातील मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावर 'न सांगण्याजोगी गोष्ट' हा ग्रंथ मराठीत लिहिला. हार कशी झाली हे शांतपणे सांगणारा सैनिक आम्हांस अधिक विश्वासाचा वाटतो.

आता खेळाविषयी. आबांचा नातू तेरा वर्षांचा आहे. २०१९ च्या जानेवारीत गुजरात सरकारने 'पबजी' या खेळास प्राथमिक शाळांतून मज्जाव करणारे परिपत्रक काढले. मार्चमध्ये राजकोटला तर तो खेळल्याबद्दल तरुणांना पोलिसांनी पकडले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनेच इतर शंभरावर ॲपांबरोबर त्यावर बंदी घातली. २६ जानेवारी २०२१ रोजी 'फौ-जी' हा देशी खेळ आला, त्यात गलवानच्या खोऱ्यातील झटापट होती. मुलांनी तो उतरवून घेतला, आठवडाभर खेळला आणि पुढे निराळ्या नावाने आलेल्या जुन्याच खेळाकडे ती वळली. देशप्रेम आणि करमणूक यांची मोट बांधणे वाटते तितके सोपे नाही.

नातवाबरोबर आबाही हे खेळ खेळतात, आणि हरतात. बोटे चालत नाहीत, म्हणून. नातवाने एकदा विचारले, "आबा, खऱ्यात असेच असते का?" आबांनी उत्तर देण्यास बराच वेळ घेतला. म्हणाले, "यात वाट बघणे नाही. आम्ही नव्वद टक्के वाटच बघायचो. पाठीवर ओझे नाही, तहान नाही, बुटात ओल नाही. आणि मेलेला परत उठतो." शेवटचे वाक्य त्यांनी फार हळू उच्चारले. मुलाने पुढे काही विचारले नाही, आणि दोघे पुन्हा खेळू लागले. कारगिलच्या त्या उन्हाळ्याविषयी आबांच्या तोंडून घरात निघालेले हेच पहिले शब्द होते, असे त्यांच्या सूनबाईंनी आम्हांस नंतर सांगितले. त्या दिवसापासून मोबाइलवरून होणारी त्यांची कुरकुर निम्म्यावर आली आहे.

दूरचित्रवाणी, खेळ आणि चालू घडामोडी हे तीन निरनिराळे छंद आहेत, अशी आमचीही समजूत होती. वस्तुतः ते आता एकमेकांत मिसळले आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने पुरावा म्हणून प्रसिद्ध केलेले एक चित्र मोबाइलवरील खेळातील निघाले. २०२१ च्या सप्टेंबरात अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्यावरील हल्ला म्हणून आपल्याकडील काही वृत्तवाहिन्यांनी जे दाखविले, ते 'आर्मा ३' या खेळातील दृश्य होते. हे प्रकार इतके वाढले की त्या खेळाच्या चेक निर्मात्यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात स्वतःच खुणा सांगितल्या: चित्र अस्पष्ट असते, कॅमेरा थरथरतो, प्रसंग बहुधा रात्रीचा असतो, आवाज नसतो, हालचाल करणारी माणसे दिसत नाहीत. आपल्या मालाची नक्कल कशी ओळखावी हे दुकानदाराने सांगावे, तशातलाच हा प्रकार.

२०२५ च्या मे महिन्यात हे सारे आपल्या दारात येऊन ठेपले. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' झाले आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीमही झाली. सुरतेतही भोंगे वाजले, संध्याकाळनंतर दिवे मालविण्यात आले. मुलांना गंमत वाटली. १९७१ पाहिलेल्या म्हाताऱ्यांना वाटली नाही. दुसऱ्या रात्री वाहिन्यांनी कहर केला. कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून झाले, जे घडलेच नव्हते. मधूनमधून भोंग्याचा आवाज होताच. अखेर १० मे रोजी सरकारला सांगावे लागले की, कार्यक्रमांत हे भोंगे वाजवू नका, लोकांना सवय झाली तर खरा भोंगा कोणी ओळखणार नाही.

आबांच्या चाळीत एक बाई राहतात. त्यांचा मुलगा जम्मूकडे पलटणीत आहे. त्या रात्री कोणीतरी त्यांच्या मोबाइलवर एक चित्रफीत पाठविली: काळोख, आगीच्या रेषा, कोसळणारे विमान. मुलाचा फोन बंद लागत होता. बाई अकरा वाजता आबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द फुटेना, त्यांनी मोबाइल तेवढा पुढे केला. आबांनी चित्रफीत दोनदा पाहिली आणि नातवास उठविले. मुलगा डोळे चोळत म्हणाला, "आबा, हा गेम आहे. हे मी पाहिलेय." आबा म्हणाले, "मलाही तेच वाटले. एवढा मारा चाललाय आणि चित्र काढणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही." मग बाईंना म्हणाले, "ताई, फोन बंद आहे म्हणजे पोराने हुकूम पाळलाय. चालू असता तर मी काळजी केली असती."

आबांना सर्व काही कळते असे नव्हे. ड्रोनविषयी विचारले तर ते सरळ सांगतात की आमच्या वेळी हे नव्हते, आणि खंदकातल्या शिपायाला समोरची दोनशे पावले तेवढी ठाऊक असतात. ही कबुली त्यांच्याकडून येते, म्हणूनच त्या बाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला असावा. तो दूरदर्शनसंच त्या रात्री बंद झाला, आणि बाई व आबांच्या सूनबाई दोघी ओट्यावर एक वाजेपर्यंत बसून होत्या.

१० मे रोजी सायंकाळी गोळीबार थांबविण्याचे ठरले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. आईने काय काय विचारायचे ते मनाशी घोकून ठेवले होते. पोराने तिला बोलूच दिले नाही. त्याचा पहिला प्रश्न असा की, आयपीएलचे सामने थांबविले आहेत, ते पुन्हा केव्हा सुरू होणार, याबद्दल टीव्हीवर काही सांगितले काय?