शेड्युल कापण्याआधी

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री, जीएसटी परिषदेचे सदस्य आणि देशातील दुचाकी कंपन्यांचे संचालक यांस,



भोसरी एमआयडीसीत माझे छोटे प्रेस शॉप आहे. पत्र्याच्या पट्ट्यांपासून आम्ही मोटारसायकलचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतो. माल थेट कंपनीत जात नाही. तो आधी चाकणच्या एका मोठ्या पुरवठादाराकडे जातो, तिथे वेल्डिंग होते आणि मग तो असेंब्ली लाइनवर पोहोचतो. कंपनीच्या कुठल्याही यादीत आमचे नाव सापडणार नाही. तरीही दुचाकी बाजारातल्या मंदीबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे, कारण तिची झळ सर्वांत जास्त आमच्याच शेडमध्ये बसते.

२०१८-१९ मध्ये देशात सुमारे २ कोटी ११ लाख दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये हा आकडा १ कोटी ३५ लाखांच्या आसपास आला. एक तृतीयांशाहून जास्त बाजार तीन वर्षांत गेला. याचे सगळे खापर कोरोनावर फोडले जाते, ते मला मान्य नाही. २०१९-२० मध्येच विक्री १ कोटी ७४ लाखांवर घसरली होती आणि टाळेबंदी लागली ती त्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. घसरण आधीच सुरू झाली होती आणि तिची कारणे आपणा सर्वांसमोर होती.

सप्टेंबर २०१८ मध्ये नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी भरणे सक्तीचे झाले. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला वर्षाचे ७२० रुपये लागत होते, तिथे एकदम ३,२८५ रुपये मोजावे लागू लागले. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीचे कर्जाचे हप्ते थकले आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचाच पैसा आटला. एप्रिल २०१९ पासून एबीएस किंवा सीबीएस ब्रेक बंधनकारक झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन आले. यातला एकही नियम वाईट नव्हता. अपघातग्रस्ताला भरपाई मिळायला हवी, ब्रेक चांगले लागायला हवेत, धूर कमी व्हायला हवा. पण गिऱ्हाइकाच्या खिशातून एकूण किती जाणार, याची बेरीज एकाही खात्याने केली नाही. पन्नास-पंचावन्न हजारांची साधी गाडी २०२२ पर्यंत सत्तर हजारांवर गेली. आरटीओचा खर्च आणि विमा वेगळा.

ही गाडी घेतो कोण? दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूध घालणारा, शेतातून भाजी बाजारात नेणारा, चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला जाणारा. सोयाबीनची पट्टी हातात आली की दसरा-दिवाळीला हा माणूस शोरूममध्ये येतो. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने राज्यातले सोयाबीन शेतातच कुजले. मग तो कुठून येणार? आणि त्याच्या या गरजेच्या वस्तूवर २८ टक्के जीएसटी होता.

माननीय अर्थमंत्री, २० सप्टेंबर २०१९ रोजी आपण पणजीत होता. त्या दिवशी आपण कंपनी कराचा दर २२ टक्क्यांवर आणला. त्याच दिवशी तिथेच जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि दुचाकीवरचा २८ टक्के कर तसाच राहिला. माझ्यासारख्या प्रोप्रायटरला कंपनी कराच्या कपातीचा काही लाभ नव्हता, दूधवाल्याला तर नव्हताच. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा कर १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ ला. सहा वर्षे आणि दोन दिवसांनी. निर्णय योग्यच आहे, त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. पण मंदीत द्यायचे औषध बाजार सावरायला लागल्यावर दिले गेले. मधल्या काळात जे बुडाले, ते परत उभे राहिलेले नाहीत.

आता संचालक महोदय, आपल्याशी. आपले विक्रीचे मासिक आकडे म्हणजे कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्या. गिऱ्हाईक नसले तरी बिलिंग होते, गाड्या डीलरच्या गोदामात उभ्या राहतात आणि व्याज त्याच्या डोक्यावर चढते. एप्रिल २०१९ पर्यंतच्या दीड वर्षात वाहनांची २८६ डीलरशिप बंद पडल्याचे डीलरांच्या संघटनेने, फाडाने, सांगितले होते. गोदाम तुंबले की मग उत्पादन कापले जाते आणि तो काप पायरी-पायरीने खाली येतो.

आमच्याकडे तो मेलवर येतो. महिन्याचे शेड्युल आधी ठरलेले असते, त्या हिशेबाने मी पत्र्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. मध्येच सुधारित शेड्युल येते आणि आकडा निम्मा झालेला असतो. कापलेला पत्रा दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाही. डाय त्याच एका पार्टची असते. प्रेस बंद असला तरी महावितरणचा स्थिर आकार, शेडचे भाडे आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो.

सगळ्यात शेवटी फटका बसतो तो ठेकेदाराच्या कामगाराला. कायम कामगाराला लेऑफमध्ये निम्मा पगार तरी मिळतो. याला फक्त ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे उद्यापासून येऊ नको. लातूरकडचा आयटीआय झालेला एक मुलगा माझ्या प्रेसवर होता. हात इतका साफ की त्याच्या पार्टच्या कडेला कधी बर, म्हणजे खरखरीत धार, राहिली नाही. त्याने हप्त्यावर गाडी घेतली होती. काम सुटल्यावर हप्ते थकले आणि वसुलीवाल्यांनी त्याच्या खोलीसमोरून गाडी उचलून नेली. तो गावी गेला. असा कारागीर घडवायला वर्षे लागतात. बाजार उठल्यावर हीच माणसे मिळत नाहीत, म्हणून उद्योगात ओरड होते.

मंदी फक्त इथलीच असते असेही नाही. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा दर बाजारावर सोडला, तो कोसळला आणि तिथे टॅक्सी म्हणून धावणाऱ्या भारतीय मोटारसायकलींची मागणी घटली. अशा फटक्याचा पुणे-संभाजीनगरच्या लहान कारखानदाराला आधी अंदाजही येत नाही. निर्यातीचे चित्र कंपन्यांना महिने आधी दिसू लागते. ते आमच्यापर्यंत का पोहोचू नये?

लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२४ पासून आयकर कायद्यानेही त्याला जोर दिला. तरी मंदी आली की बिल ‘पास’ व्हायलाच महिना लावला जातो आणि दिवस तिथून मोजले जातात. आम्ही तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की पुढचे शेड्युल येत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. माल ज्या दिवशी गेटमधून आत गेला, त्या दिवसापासून ४५ दिवस धरावेत आणि ही जबाबदारी मूळ कंपनीने आपल्या पुरवठादारांच्या पुरवठादारापर्यंत घ्यावी. दिलेले शेड्युल महिन्याच्या मध्यात कापले, तर कापलेल्या पत्र्याची किंमत चुकती करावी. ठेकेदाराच्या कामगारालाही लेऑफचा निम्मा पगार मिळावा. आणि दुचाकीवर नवा खर्च टाकणारा कोणताही नियम आणताना अर्थ, वाहतूक आणि विमा या खात्यांनी एकत्र बसून शोरूममधल्या अंतिम किमतीचा हिशेब आधी जाहीर करावा. आज बाजार बरा आहे, हे करण्याची वेळ आत्ताच आहे. पुढची मंदी आल्यावर आमच्यापैकी कितीजण पत्र लिहायला उरतील, याचा विचार करून निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
भोसरीतील एक लघुउद्योजक