चित्रतुरग आणि मोटार

सारथ्यावांचून चालणाऱ्या मोटारीस डोळे म्हणून कॅमेरे असतात. परंतु दिसणें निराळें आणि ओळखणें निराळें. हा माणूस, ही भिंत, ही नुसती सावली, हें त्या यंत्रास हजारों चित्रें दाखवून शिकवावें लागतें, आणि कोणत्या चित्रांत कोठें काय आहे हें आधीं कोणीतरी रेघा ओढून नोंदवावें लागतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः जर्मन शहरांच्या 'सिटीस्केप्स' संग्रहांत अशीं बारकाईनें नोंदलेलीं ५,००० चित्रें आहेत. एकेकास सरासरी दीड तासाहून अधिक वेळ लागला. पोथ्या उतरून काढणाऱ्यांचेच हे कष्ट!

मग रस्ता संगणकानेंच रंगविला तर? काय कोठें काढलें हें रंगविणाऱ्यास ठाऊकच असतें. युक्ति जुनी आहे. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डीन पॉमरलो यांनीं १९८९ च्या सुमारास 'अल्विन' या यंत्रणेस १,२०० कृत्रिम रस्त्यांचीं चित्रें दाखवूनच पहिला पाठ दिला. २०१६ सालीं डार्मस्टाटचें विद्यापीठ व इंटेल कंपनी यांच्या संशोधकांनीं 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळांतून (खेळ मुलांच्या हातीं देण्याजोगा नव्हे) सुमारें २५,००० चित्रें घेऊन त्यांच्या नोंदी ४९ तासांत उरकल्या. सिटीस्केप्सच्या गतीनें एकट्यास अहोरात्र चार वर्षांहून अधिक लागलीं असतीं.

परंतु वेळेची बचत हा आम्हांस मुख्य लाभ वाटत नाहीं. चेंडूमागें धांवत आलेलें मूल मोटारीस ओळखतां आलेंच पाहिजे. आणि छायाचित्रासाठीं कोणाचेंही मूल रस्त्यावर धाडतां येत नाहीं. तेथें रंगविलेलें मूलच हवें. तें पावसांत, तिन्हीसांजेस, उभ्या गाडीआडून, वाटेल तितक्या वेळां धांवूं शकतें.

मम्मटाच्या काव्यप्रकाशांत श्रीशंकुकाचें मत सांगतांना चित्रतुरगाचा दृष्टान्त येतो. चित्रांतील घोडा पाहून 'हा घोडा' असें जें ज्ञान होतें, तें खरेंही नव्हे आणि खोटेंही नव्हे. रसिकास तेवढें पुरतें. मोटारीस जिवंत घोड्यासमोर थांबावयाचें असतें. घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें यंत्र चित्राचा गुळगुळीतपणाच पाठ करून बसतें. म्हणून २०१८ सालीं एन्व्हिडिया कंपनीच्या संशोधकांनीं मुद्दाम भलत्याच रंगांचीं, विसंगत चित्रें काढलीं, कीं यंत्रानें रंगास न भुलतां आकार धरावा. त्यावर खरीं छायाचित्रेंही दाखविलीं, तेव्हां तें केवळ खऱ्यांवर शिकलेल्या यंत्राहून सरस ठरलें.

आमची शंका निराळी आहे. चित्रकारास जें सुचतें तेवढेंच यंत्र शिकतें. हैदराबादच्या आय.आय.आय.टी. संस्थेनें २०१८ सालीं आपल्याकडील रस्त्यांचीं १०,००० छायाचित्रें नोंदविलीं, तेव्हां रिक्षा व जनावरें यांस स्वतंत्र वर्ग द्यावे लागले. सिटीस्केप्स संग्रहांत त्यांस स्वतंत्र वर्ग नव्हते. आतां रस्ता रंगवावयाचा झाल्यास मधोमध रवंथ करीत बसलेली गाय, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, उलट बाजूनें येणारी दुचाकी हीं काढण्याचें परदेशांतील चित्रकारास कोण सांगणार? आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढते, त्या वेळीं सारा रस्ता माणसांनीं भरलेला असतो; त्यांतला प्रत्येक वारकरी निराळा माणूस म्हणून यंत्रास दाखविलेला असला पाहिजे.