दोन डोंगर आणि एक सूर्य

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा अर्धा सूर्य, तेथूनच निघालेली निळी नदी, काठी झोपडी, शेजारी नारळ आणि आकाशात इंग्रजी एम अक्षराचे चार पक्षी. ओळखलेत ना? आपल्याही घरात हे चित्र कौतुकाने भिंतीवर लावलेले असेल. या चित्राविरुद्ध माझी तक्रार आहे. ती ऐन दिवाळीत मांडतो, कारण याच सुट्टीत मुले गावी जातात आणि रंगपेटी सोबत नेतात.

माझा सवाल साधा आहे: हे खेडे कोठले? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. म्हणून आपल्या देशावरच्या डोंगरांचे माथे बहुधा सपाट आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे. वाईचा मुलगा असा डोंगर रोज पाहतो आणि कागदावर मात्र त्रिकोण काढतो!

कोणी म्हणेल, "अहो, ती मुलांची कल्पनाशक्ती!" मुळीच नाही. निळा वाघ ही कल्पना. तिला माझा नमस्कार. हे दोन डोंगर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली नक्कल. एका शाळेत सपाट माथ्याच्या डोंगराखाली 'चित्र अपुरे' असा शेरा मारलेला मी पाहिला आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेत 'स्मरणचित्र' काढायला सांगतात. पण जे पाहिलेच नाही, त्याचे स्मरण कसले?

"नवशिक्याला सोपे नको का?" हवे ना! म्हणूनच म्हणतो, समोरचे पाहून काढा. सारे गाव नको. बांधावरची एक बाभळ आणि मागचा डोंगर पुरे. बारा पेन्सिलींची पेटी बस्स झाली. पेन्सिल लांबून, हलक्या हाताने धरा. आधी फिका रंग, मग गडद. एकावर एक पातळ थर द्या. पहिल्याच झटक्यात दाबून घासलेला मेणट रंग खोडरबराने धड निघत नाही आणि त्यावर दुसरा बसत नाही. पांढऱ्या पेन्सिलीवर भिस्त ठेवू नका. जेथे ऊन आहे तेथे कागद कोरा सोडा. दूरचा डोंगर हवेमुळे निळसर दिसतो, म्हणून तो फिका निळा. जवळचा बांध तपकिरी. दिवाळीत माळावरचे गवत पिवळे पडू लागते, तेव्हा आधी पिवळा फिरवा, वर थोडा तपकिरी. पेटीतला हिरवा जसाच्या तसा फासू नका. त्याखाली पिवळा द्या, सावलीत वर निळा द्या. काळ्याला तर शक्यतो सुट्टीच द्या.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पण परतल्यावर चितारत राहिले ते आपल्या गावचे कोटीतीर्थ. एवढ्या मोठ्या चित्रकाराला आपले तळे पुरले. आपल्या बाळूला आजोळची विहीर का पुरू नये?

ज्या मुलाला आपला डोंगर कागदावर दिसत नाही, त्याला उद्या तो फोडून खडी केली तरी चुकल्यासारखे वाटणार नाही. माझा राग आहे तो यासाठी. तेव्हा आईबापहो, फराळ झाला की मुलांना अंगणात बसवा आणि एवढेच विचारा, "समोर काय दिसते?" मार्ग दाखवायला तेवढा प्रश्न पुरेसा आहे. सूर्य खिंडीत नसला, तर नसो!