इंजिन आपले, पाना कुणाचा?



पऱ्हाटी बोंडावर येते, पावसाचा खंड पडतो आणि नेमके तेव्हाच नाल्यावरचे डिझेल इंजिन बसते. मग ते बंडीत घालून तालुक्याला न्यायचे आणि मिस्त्री म्हणेल तितके दिवस थांबायचे. सिरोंचा-एटापल्लीकडच्या माणसाचा तर जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. इंजिन परत येईस्तोवर पात्या गळून गेलेल्या असतात.

माझे म्हणणे सरळ आहे. इंजिन नेऊ नका. पंप आणि नोझल तेवढे काढून न्या. एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनावर हे काम दोन-चार पान्यांचे आहे. इंजिन थंड होऊ द्या, बाहेरची माती धुवा, टाकीची तोटी बंद करा. हायप्रेशर पाइप दोन्ही टोकांनी सोडवा, वाकवू नका. उघडी तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने बांधा. पंपाखालच्या शिम जपून ठेवा, तितक्याच परत घाला. त्यांच्यावर टायमिंग ठरते. पंपाचे एलिमेंट आणि नोझलची सुई मात्र घरी खोलू नका. त्या जोड्या एकमेकींना घासून बसवलेल्या असतात. धुळीचा कण त्यांना पुरतो. ते काम टेस्टर असलेल्या दुकानाचे.

एक गोष्ट जिवाची. नोझल साधारण २०० किलोच्या दाबावर उघडते. चालत्या इंजिनाची गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. फवारा कातडीत शिरला तर वर टाचणीएवढी खूण दिसते, आत मांस सडते. दुखत नसले तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा. उशिराने बोट जाते, हातही जातो.

आता पुढचे संकट. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले आणि कॉमन रेल आली. तिचा दाब हजार किलोच्या वर, कारभार संगणकाचा. तिथे अडाणी हात घालू नये, हे कबूल. पण बिघाड वाचायचे यंत्र विकणाऱ्याच्याच खिशात राहिले, तर ट्रॅक्टरचा मालक कोण? केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची यंत्रेही आहेत. तो हक्क गावच्या मिस्त्रीपर्यंत आला पाहिजे: मराठीत माहितीपुस्तक, सुट्या भागांचे उघड दरपत्रक, बिघाड वाचण्याची सोय.

संघटनेने तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. ते विकत घेण्यापुरते नाही, खोलून पाहण्याचेही आहे. पुढच्या बैठकीला गावागावातून एक तरी पोरगा किंवा पोरगी पाना घेऊन यावी. सुरुवात तिथून करू.