आधी कडी काढा

आज २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन. सकाळपासून मोबाइलवर लाल बदामांची रांग लागली असेल आणि त्यात तो जुना संदेशही असेलच: एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा. ईमेलच्या काळापासून फिरणाऱ्या या सल्ल्याचे मूळ कॅथलॅबमध्ये आहे. टेबलावरच्या रुग्णाचे ठोके अचानक बिघडले की डॉक्टर मॉनिटरवर नजर ठेवून त्याला काही क्षण खोकायला लावत. शॉक द्यायचे यंत्र हाताशी असे. घरात यातले काहीच नसते. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही या उपायाला मान्यता दिलेली नाही. खोकण्यात गेलेली मिनिटे फोनची असतात.

छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. तरी आपला पहिला संशय रात्रीच्या भज्यांवर. इनो घेऊन सकाळी बघू म्हणतो. मधुमेहींना आणि बायकांना तर कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते. त्यात भीड आडवी येते. रात्री दोनला शेजाऱ्यांना कशाला उठवायचे? मग फोन जातो परदेशातल्या मुलाला. तो तिथून काय करणार?

पहिला फोन १०८ ला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे. पत्ता मजल्यासकट सांगावा, फोन स्पीकरवर चालू ठेवावा. आणि अंगात त्राण आहे तोवर कडी, साखळी, सेफ्टी डोअरचा बोल्ट, सगळे काढून टाकावे. चोरासाठी केलेला हा बंदोबस्त रुग्णवाहिकेच्या डॉक्टरलाही बाहेरच ठेवतो. मग दाराजवळच भिंतीला टेकून, गुडघे उभे करून बसावे. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधी ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट मात्र नको. तिने रक्तदाब कोसळू शकतो. आणि स्वतः गाडी काढण्याचे धाडस तर मुळीच नको.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, म्हणजे पुष्कळ ठिकाणी त्या याच आठवड्यात आहेत. पार्किंगवर दोन तास भांडून झाले की आणखी दहा मिनिटे बसावे. एकट्या राहणाऱ्यांच्या घरांची दुसरी किल्ली कोणाकडे असेल, रात्री फाटक कोण उघडेल आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावते का, एवढे त्या सभेत ठरवता येईल.