यंत्राला शंका घेता आली पाहिजे



ईएपीसेटचा निकाल लागला की आपल्या मंडळातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते, कॉलेज कुठलं आणि ब्रँच कुठली? यंदा दोन-तीन घरांतून मला सारखाच प्रश्न आला : 'दादा, सीएसईमध्ये ऑटोनॉमस सिस्टिम्स असा विषय दिसतोय. घ्यावा का?' एका काकूंना वाटलं, हे ऑटोनॉमस कॉलेजबद्दलच काहीतरी असणार. नाही काकू. कॉलेज ऑटोनॉमस म्हणजे आपला पेपर आपणच काढणारं. यंत्र ऑटोनॉमस म्हणजे आपला निर्णय आपणच घेणारं. मराठीत दोन्हींना 'स्वायत्त' म्हणता येईल.

स्वयंचलित आणि स्वायत्त यांत मात्र गल्लत नको. लिफ्ट स्वयंचलित असते. बटण दाबलं की ठरलेल्या वाटेने ठरलेल्या मजल्यावर जाते. तिच्या वाटेत म्हैस येत नाही. स्वायत्त यंत्राच्या वाटेत काहीही येऊ शकतं. त्याला आजूबाजूला काय आहे ते ओळखायचं असतं, काय करायचं ते ठरवायचं असतं आणि मग ते करायचं असतं. हे चक्र सेकंदाला अनेक वेळा फिरतं.

या विषयाची सगळ्यात चांगली गोष्ट अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात घडली. १३ मार्च २००४ रोजी तिथल्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने चालकाविना गाड्यांची शर्यत ठेवली. बक्षीस १० लाख डॉलर, अंतर सुमारे २३० किलोमीटर. १५ गाड्या शर्यतीसाठी पात्र ठरल्या. सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही पूर्ण करू शकली नाही. बक्षीस तसंच राहिलं.

पुढची शर्यत ऑक्टोबर २००५ मध्ये झाली. या वेळी २१२ किलोमीटरचं अंतर पाच गाड्यांनी पूर्ण केलं आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅनली'ने सात तासांच्या आत येऊन पहिला नंबर पटकावला. दीड वर्षात एवढा फरक कशाने पडला?

स्टॅनलीच्या टपावर लेझरचे सेन्सर होते. पण खडबडीत रस्त्यावर गाडी हिंदकळली की लेझरचा कोन किंचित चुकतो आणि लांबची सपाट जमीन भिंतीसारखी दिसू लागते. सेबास्टियन थ्रन यांच्या गटाने जास्त महाग सेन्सर आणून हा प्रश्न सोडवला नाही. त्यांनी गाडीला शंका घ्यायला शिकवलं. दोन मोजमापांमध्ये जितका जास्त वेळ गेला, तितका त्यांतल्या फरकावर विश्वास कमी. किती कमी, हे ठरवायला आधी माणसाने गाडी चालवली. जिथून माणूस गेला ती जमीन नक्की मोकळी, हे धरून प्रोग्रामने आपले आकडे जुळवून घेतले. आधी मोकळ्या जमिनीचा १२.६ टक्के भाग चुकून अडथळा म्हणून दिसत होता. तो ०.००२ टक्क्यांवर आला.

या विषयाचा गाभा मला इथे दिसतो. आपल्याला काय माहीत आहे, एवढंच सांगून यंत्राचं भागत नाही. ते किती खात्रीने माहीत आहे, हेही त्याला सांगता यावं लागतं. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली याचं गणित मांडलं आणि ते अपोलो यानांच्या मार्गदर्शनात वापरलं गेलं. मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाताना फोनवरचा नकाशा गोंधळतो ना, आपण एक्स्प्रेसवेच्या वर आहोत की खाली? तिथे जीपीएसवर किती भरवसा ठेवायचा आणि इतर सेन्सरवर किती, असा हिशेब काल्मन फिल्टर करतो. त्याच्यामागे बारावीनंतरची प्रोबॅबिलिटी आणि मॅट्रिक्सच असतात.

आपल्या ओळखीचं उदाहरण चंद्रावरचं. पृथ्वीवरून चंद्रापर्यंत संदेश पोहोचायला साधारण १.३ सेकंद लागतात आणि उत्तर यायला तेवढेच. उतरताना यानाला 'थांब, विचारतो' म्हणायला वेळ नसतो. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर कोसळलं, तेव्हा लहान लहान चुका साठत गेल्या होत्या आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांबी-रुंदीची होती. चांद्रयान-३ साठी ती ४ बाय २.४ किलोमीटर केली आणि काय काय बिघडू शकतं, हे धरूनच रचना केली. २३ ऑगस्ट २०२३ ला ते अलगद उतरलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा!

पण ठेच नेहमी यंत्रालाच लागते असं नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत कळलं की गाडीच्या सेन्सरना त्या ५.६ सेकंद आधीच दिसल्या होत्या. पण प्रोग्राम कधी त्यांना 'वाहन' म्हणे, कधी 'सायकल', कधी 'अज्ञात वस्तू'. नाव बदललं की आधी पाहिलेली हालचाल हिशेबातून जाई. शिवाय क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, हे रचनेत धरलंच नव्हतं. गाडीत बसलेल्या चालकाचंही रस्त्याकडे लक्ष नव्हतं.

हे वाचल्यावर मला आपली कोठी आठवते. क्रॉसिंग सोडून ओलांडत नाही असा माणूस तिथे दाखवा! दुसऱ्या देशाच्या शिस्तीवर शिकलेला प्रोग्राम इथे तसाच आणून चालणार नाही. इथला रस्ता माहीत असलेल्या मुलामुलींनीच हे काम करायला हवं. आपल्याजवळच कंदीला आयआयटी हैदराबादमध्ये 'तिहान' हे स्वायत्त वाहनांचं केंद्र आहे. तिथलं चाचणी मैदान २०२२ मध्ये सुरू झालं.

तर विषय घ्यावा का? घ्या, पण नावाला भुलून नको. अभ्यासक्रम उघडून बघा. त्यात प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा आणि कंट्रोल थिअरी आहे का? फक्त मशीन लर्निंगचे दोन पेपर वाढवून नवं नाव दिलं असेल, तर साधं सीएसई घेऊन गणित पक्कं केलेलं बरं. मेकॅनिकल किंवा ईसीईची मुलंही या क्षेत्रात येतात, त्यामुळे ब्रँच हुकली म्हणून रडायचं कारण नाही.

आणि प्रवेश होईपर्यंत वाट कशाला बघायची? 'रॉस' ही रोबोटसाठीची प्रणाली आणि 'गझीबो' हा सिम्युलेटर दोन्ही फुकट मिळतात. घरच्या लॅपटॉपवर एक छोटा रोबोट खोलीत फिरवून बघा. मग त्याच्या सेन्सरमध्ये मुद्दाम थोडा गोंगाट मिसळा आणि तो कुठे धडकतो ते पाहा. धडकला की का धडकला ते वहीत लिहा. अशी दहा पानं भरली आणि तरीही कंटाळा आला नाही, तर हा विषय तुमचा आहे.

प्रवेशाबद्दल अजून शंका असतील तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पालकांनीही लिहायला हरकत नाही. काकू, तुम्हीसुद्धा!