स्कार्फच्या आतली गोष्ट

चिंचवड स्टेशनच्या सिग्नलला सकाळी साडेआठला उभं राहून बघा. स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून बसलेल्या. धूळ, धूर, ऊन, कारणं शंभर. दोन वर्षांपूर्वी माझं कारण मात्र वेगळं होतं. मी स्कार्फ ऑफिसात पोचल्यावरसुद्धा काढत नव्हते!

झालं असं, की चुलत बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं आणि माझ्या हनुवटीवर पिंपल्सची फौज. ऑनलाइन ग्लायकोलिक ॲसिड शोधलं. एक बाटली १० टक्क्यांची, एक ३० टक्क्यांची. आपण पडलो इंजिनिअर. तिप्पट डोस म्हणजे तिप्पट रिझल्ट! रात्री लावलं, भयंकर चुरचुरलं, ‘काम करतंय’ म्हणून तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाकणला प्लांट व्हिजिट, भर उन्हात. लग्नापर्यंत गालांची सालं निघत होती आणि मग तिथेच तपकिरी चट्टे उमटले. ते जायला सात महिने लागले. लग्नाच्या फोटोत मी शेवटच्या रांगेत आहे, तीही मान वळवून.

दोष ॲसिडचा नव्हता, घाईचा होता. म्हणून आज जरा नीट समजून घेऊ.

ग्लायकोलिक ॲसिड उसात सापडतं. सीझनला कासारसाईच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या जाताना आपण बघतोच. पण म्हणून उसाचा रस किंवा साखर तोंडाला चोळू नका. बाटलीतलं ॲसिड बहुतेक वेळा कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनवलेलं असतं. त्वचेच्या वरच्या थरातल्या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारा ‘गोंद’ ते सैल करतं. पेशी सुटतात, छिद्रं कमी बुजतात, जुने डाग हळूहळू फिके होतात. या घराण्यातला याचा रेणू सगळ्यात लहान, म्हणून तो पटकन आत शिरतो आणि म्हणूनच चुरचुरतोही जास्त.

आता टक्क्यांचं गणित. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्येच सांगितलं होतं, की घरी वापरायच्या क्रीममध्ये हे १० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि पीएच ३.५ च्या खाली नको. ३० टक्क्यांचा पील प्रशिक्षित माणसाने करायचा, तोही थोडा वेळ लावून धुऊन टाकायचा. म्हणजे मी घरात बसून पार्लरवालीचं काम करत होते, पार्लरवालीच्या ट्रेनिंगशिवाय!

आणि ऊन? १० टक्क्यांचं ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर उन्हाने लाल होण्याची त्वचेची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढल्याचं अमेरिकेच्या एफडीएने नोंदवलंय. वापर थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत होते. आपल्या सावळ्या त्वचेचा आणखी एक स्वभाव आहे. तिला इजा झाली की ती काळा डाग ठेवते. पिंपल आठ दिवसांचा पाहुणा, डाग मात्र भाडेकरू!

सो, सुरुवात अशी करा. ५ ते ७ टक्क्यांपासून. आधी जबड्याच्या कडेला थोडंसं लावून दोन दिवस थांबा. मग आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, फक्त रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडून. वर साधं मॉइश्चरायझर. मिनिटभर चुरचुरणं ठीक, आग होत राहिली तर गार पाण्याने धुऊन टाका. लिंबू-सोडा काही नको. सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन बोटं भरून. स्कार्फ हा सनस्क्रीनला पर्याय नाही. आणि घामट स्कार्फ किंवा हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासला की तिथेच पिंपल्स येतात, तेव्हा दोन्ही धूत चला.

त्याच रात्री स्क्रब, रेटिनॉल, बेन्झॉइल पेरॉक्साइड नको. थ्रेडिंग, वॅक्सिंगच्या दिवशी नको. मुलांनो, दाढी केल्या केल्याही नको. शॉपफ्लोअरवर कटिंग ऑइल उडत असेल, तर त्या तेलानेही पुळ्या येतात. तिथे आधी शिफ्ट संपल्यावर चेहरा धुवा, ॲसिड नंतर.

मुख्य म्हणजे याच्याकडून चमत्कार मागू नका. बारीक पुळ्या, बुजलेली छिद्रं, डाग यांवर उपयोग होतो, तोही आठ-बारा आठवड्यांनी. नुसते ब्लॅकहेड्स आणि तेलकटपणा असेल तर तेलात विरघळणारं सॅलिसिलिक जास्त बरं. मोठ्या, दुखणाऱ्या गाठी असतील किंवा आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

मेडिकलवाल्याने दिलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब तर अजिबात नको. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, आणि त्याने पिंपल्स वाढतातच. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, ती उगाच नाही.

परवा त्याच बहिणीच्या बाळाचं बारसं झालं. आदल्या रात्री हनुवटीवर एक टपोरा पिंपल उगवला. मी त्याला हातही लावला नाही. या वेळी फोटोत पहिल्या रांगेत आहे, पिंपलसकट!